बुद्धिबळाचा यांत्रिक गडी

वर्ध्यासारख्या गांवीं पूर्वीं बुद्धिबळाचा पट सहज मिळे; तोडीचा गडी मात्र विरळा. ही उणीव पुढें यंत्रानें भरून काढली.

मे १९९७ मध्यें न्यूयॉर्क येथें ‘डीप ब्लू’ या संगणकानें जगज्जेत्या कास्पारॉव्हचा ३॥ विरुद्ध २॥ गुणांनीं पराभव केला. तो सेकंदास सुमारें २० कोटी स्थिती तपाशी. त्याहून बलाढ्य ‘स्टॉकफिश’ हा प्रोग्रॅम आज फोनवरहि फुकट चालतो.

मग सर्वांत बलाढ्य तोच निवडावा काय? तसें केल्यास नवशिका प्रत्येक डाव हरतो, आणि कां हरला हें न कळल्यामुळें पट गुंडाळून ठेवतो. स्टॉकफिशला ० ते २० अशा बळाच्या पायऱ्या आहेत. चारांपैकीं एखादा डाव जिंकतां येईल ती पायरी घ्यावी. परंतु मुद्दाम दुबळें केलेलें यंत्र मध्येंच माणूस करणार नाहीं अशी चूक करतें. म्हणून माणसांच्या लाखो डावांवरून शिकविलेला ‘माइया’ २०२० सालीं पुढें आला. त्याच्या चुका माणसाच्या वळणाच्या असतात. पूर्ण बळाचा स्टॉकफिश डाव संपल्यावर परीक्षक म्हणून बसवावा.

जुलै २०२५ मध्यें नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यांत त्यांच्यासमोर कोनेरू हंपी होत्या, यंत्र नव्हतें. यंत्राशीं सराव करावयाचा तो अशा भेटीसाठींच.