सिस्टरने क्षमा करायची नाही

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि कसाब जिवंत सापडला. तिथून त्याला नायर रुग्णालयात नेण्यात आले. त्याच रात्री शहरातली इतर रुग्णालये त्याच्या टोळीने जखमी केलेल्या माणसांनी भरत होती. अशा माणसाच्या जखमा धुवायच्या कशासाठी, हा प्रश्न तेव्हापासून अधूनमधून डोके वर काढतो, आणि त्याला दोन ठरलेली उत्तरे मिळतात. टपरीवरचे उत्तर असे की मरू द्यावे. परिचारिका दिनाच्या व्यासपीठावरचे उत्तर असे की परिचारिका ही करुणेची मूर्ती, ती वैऱ्यालाही क्षमा करते. सुशिक्षित मंडळींत आज दुसऱ्या मताचीच चलती आहे. मला खोडायचे आहे ते हेच दुसरे मत. पण आधी पहिल्याचा हिशेब करू, कारण ते वाटते तितके अडाणी नाही.

त्याला शास्त्राधार आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना गुरू बजावतो, की राजाचा ज्याच्यावर रोष आहे, जो राजाचा द्वेष करतो, ज्याचे आचरण अत्यंत दुष्ट आहे, अशांना औषध देऊ नये. सुश्रुताच्या यादीत शिकारी, पक्षी पकडणारे, पतित आणि पापकर्मी येतात. आपली परंपरा सरसकट सगळ्यांवर उपचार करायला सांगते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी बहुधा पोथी उघडलेली नसते. मात्र चरकाच्या त्याच यादीत नवरा किंवा पालक जवळ नसलेली स्त्रीही आहे आणि मरणाच्या दारात असलेला रोगीही आहे. आज अतिदक्षता विभागातली निम्मी माणसे या यादीमुळे बाहेर काढावी लागतील. यादी वाचताना ती कोणासाठी केली हे पाहावे लागते. गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या, राजाची मर्जी गेली की संपलेल्या एकट्या वैद्याने कोणत्या भानगडीत पडू नये, याची ती सूचना आहे. सरकारी रुग्णालयातली परिचारिका त्या वैद्याच्या जागी नसते. खाट शासनाची, पगार शासनाचा, आणि रुग्णाला बेडी घालून आणणारेही शासनच. तो माणूस उठून दुसऱ्या दवाखान्यात जाऊ शकत नाही.

आपला कायदा याबाबत संदिग्ध नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात प्रश्न होता तो अपघातात सापडलेल्या एका स्कूटरस्वाराचा. पोलीस केस आहे म्हणून त्याला दुसरीकडे पाठवले गेले आणि वाटेतच तो गेला. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा यांनी निकालात मुद्दाम पुढचे पाऊल टाकले : जखमी माणूस निर्दोष असो की शिक्षेला पात्र गुन्हेगार, त्याचा जीव वाचवणे हे वैद्यकीय व्यवसायाचे कर्तव्य, म्हणजे निर्दोषाचे रक्षण होईल आणि दोषीला शिक्षा होईल.

टपरीचा यावर प्रतिप्रश्न तयार असतो : बरे करून शेवटी फाशीच द्यायची ना? कसाबच्या बाबतीत झाले तसेच. ६ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती दिली गेली. दहा हल्लेखोरांपैकी जिवंत सापडलेला तो एकटा. तो वाचला म्हणून कट न्यायालयात उलगडता आला, हे उत्तर बहुतेक जण देतात. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. पुरावा गोळा झाल्यावर, कबुलीजबाब नोंदवल्यावर मग सलाईन काढून घ्यायचे का? खटल्याच्या उपयोगावर शुश्रूषा टांगली की उपयोग संपताच ती गळून पडते. खरे उत्तर याहून कोरडे आहे. शिक्षा किती आणि कोणती, हे न्यायालय ठरवते आणि ती कायद्यात लिहिलेली असते. चिघळलेली जखम, बेडसोर, गँगरीन या शिक्षा कोणत्याही कलमात नाहीत. फाशीच्या कैद्याला फाशी आहे, तापात फणफणत पडणे नाही.

(जाता जाता : कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितल्याच्या ज्या बातमीवर देशभर संताप झाला, ती आपणच रचली होती, असे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ साली जयपूरमध्ये स्वतः सांगितले. टपरीवरच्या मताचे खतपाणी कसे तयार होते, याचा हा नमुना.)

आता व्यासपीठाकडे. तिथला लाडका दृष्टांत एकनाथांचा. नदीवरून स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक जण पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ न रागावता पुन्हा पुन्हा स्नानाला गेले. गोष्ट थोर आहे, पण ती इथे लागूच पडत नाही. थुंकी नाथांच्या अंगावर पडली होती, म्हणून क्षमा करण्याचा अधिकार नाथांचा होता. दुसऱ्याच्या लेकराला मारणाऱ्याला वॉर्डातल्या सिस्टरने क्षमा करायची ती कोणाच्या वतीने? ज्यांचे माणूस गेले त्यांनी तिला तसे मुखत्यारपत्र दिलेले नसते. तिच्या सेवेला क्षमा म्हणणे हा त्या घरांवरचा अन्याय आहे, आणि तिच्यावरचाही. कारण मग तिच्या मनात उसळणारा संताप हे तिचे पाप ठरते.

याही बाजूला पोथीचा आधार काढता येतो. चरकाच्या सूत्रस्थानात वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत, आणि परिचारकाच्या चार गुणांत शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता आणि स्वच्छता यांच्या जोडीला रोग्याविषयीचे प्रेमही आहे. पण तो परिचारक घरचा होता. ज्याचे अन्न खातो त्याचीच सेवा करत होता. त्याच्याकडून प्रेमाची अपेक्षा त्या घराच्या रीतीला धरून होती. तीन पाळ्यांत वाटलेल्या, अनोळखी माणसांनी भरलेल्या वॉर्डात हा चौथा गुण नियम म्हणून लावता येत नाही. उरलेले तीन मात्र जसेच्या तसे लावता येतात, आणि माझ्या मते पुरतात.

२०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात एका सिनेगॉगमध्ये ११ ज्यूंची हत्या करणाऱ्या बंदूकधाऱ्याला जखमी अवस्थेत रुग्णालयात आणले, तेव्हा त्याची शुश्रूषा करणाऱ्यांत अ‍ॅरी मालर हा ज्यू परिचारक होता. त्याने पुढे जाहीर लिहिले, की आपण हे प्रेमापोटी केले. त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण जगभर त्याचे कौतुक ज्या सुरात झाले, त्यात गोम आहे. त्याला प्रेम वाटले नसते तर? त्याने दात-ओठ खात तीच ड्रेसिंग तितकीच नीट केली असती तर रुग्णाला काय कमी मिळाले असते?

बोस्टनचे उदाहरण मला जास्त शिकवते. २०१३ च्या मॅरेथॉन बॉम्बस्फोटातला आरोपी, ज्या रुग्णालयात स्फोटातले जखमी होते तिथेच दाखल झाला. तिथल्या एका नर्सच्या तोंडून सवयीने त्याच्यासाठी लाडाचा शब्द गेला, आणि त्याने ती स्वतःच अस्वस्थ झाली. आपल्याकडची सिस्टरही सुई टोचताना ‘बाळा, हात ढिला सोड’ म्हणते. म्हणताना ती समोरच्याचे चारित्र्य तपासत नसते. ते बोलणे हातांच्या सवयीचा भाग असते, सलाईनचे थेंब मोजण्याइतकेच. तिथे माया आहे की नाही हे शोधणारा माणूस चुकीच्या जागी शोधतो आहे.

मग शोधायचे कुठे? वॉर्डात द्वेष क्वचितच नकाराच्या रूपाने येतो. ‘मी याला हात लावणार नाही’ असे सांगणारी सिस्टर विरळा. द्वेष येतो उशिराच्या रूपाने. केसपेपरवर वेदनाशामक इंजेक्शन ‘एसओएस’ लिहिलेले असते, म्हणजे गरज पडेल तसे. गरज पडली हे कोण ठरवणार? दुखणे मोजायचे यंत्र नाही, रुग्णाच्या शब्दावर विसंबावे लागते, आणि ज्याने खून केले त्याचा शब्द कोण मानेल? ‘नाटक करतोय’ हे दोन शब्द पुरतात. इंजेक्शन तासाभराने मिळते. ड्रेसिंग सोडवताना आधी सलाईनच्या पाण्याने ओली करायची राहून जाते. भांडे मागितल्यावर मावशी नेमकी दुसरीकडे असते. यातले काहीच नोंदीत दिसत नाही, चौकशीत सापडत नाही, आणि प्रत्येक गोष्टीला कामाच्या गर्दीचे खरे कारणही देता येते. करुणेच्या भाषणांचा इथे काडीचा उपयोग नाही, उलट अपाय आहे. मूर्ती म्हणून गौरवलेल्या बाईला ‘मला याचा संताप येतो’ हे मेट्रनसमोर म्हणता येत नाही. न बोललेला संताप मग हातातून बाहेर पडतो. इलाज नीरस आहेत. अशा रुग्णासाठी वेदनाशामक एसओएस न ठेवता वेळा बांधून लिहून घ्यावे. मागितल्याची वेळ आणि दिल्याची वेळ दोन्ही चार्टवर याव्यात. ड्युटी एकाच सिस्टरच्या गळ्यात न मारता फिरती असावी. आरोपपत्रातले तपशील तिला कळायची गरज नाही. तो अंगावर येईल का, जीव देईल का, एवढे कळले पाहिजे. बेडीचा निर्णय तिचा नसतो, पण खाटेला बांधलेल्या माणसाच्या मनगटावर वळ उठला तर तो लिहून ठेवणे तिचे काम आहे. गुवाहाटीच्या रुग्णालयात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या कैद्यांना खाटेशी जखडल्याचे पत्रकार कुलदीप नय्यर यांनी न्यायालयाला पत्राने कळवले, आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले.

एवढा कोरडेपणा कशाला, असे कोणी विचारेल. जगण्याची लायकी ठरवायचे काम परिचारिकांनी हाती घेतले तेव्हा काय झाले याची नोंद आहे म्हणून. नाझी काळात जर्मनीतल्या हादामारच्या मनोरुग्ण संस्थेत पोलिश आणि सोव्हिएत मजुरांना औषधांच्या घातक मात्रा दिल्या गेल्या. १९४५ च्या ऑक्टोबरात चाललेल्या खटल्यात मुख्य परिचारिका इर्मगार्ड ह्यूबर हिला २५ वर्षांची शिक्षा झाली, दोन पुरुष परिचारक फासावर गेले. ते मजूर निरपराध होते, खुन्याशी त्यांची तुलना कशी, हा आक्षेप रास्त आहे. मजुरांच्या जागी खुनी असते तर गुन्हा लहान ठरला असता का, याचे उत्तर मात्र आक्षेप घेणाऱ्याने द्यावे. सुई भरणाऱ्या हाताला लायकी तपासायची मुभा मिळाली, की यादीत पुढे कोण येईल हे त्या हाताच्या ताब्यात राहत नाही.

राग मग न्यायचा कुठे? त्याला जागा आहे. मुंबईतल्या कामा रुग्णालयाच्या परिचारिका अंजली कुलथे यांनी २६ नोव्हेंबरच्या त्या रात्री दार बंद करून २० गर्भवतींना सुरक्षित ठेवले, पुढे कसाबला ओळख परेडमध्ये ओळखले, न्यायालयात साक्ष दिली आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे तो प्रसंग सांगितला. दोषीला दोषी म्हणायला परिचारिकेला पूर्ण मुभा आहे, आणि त्यासाठी साक्षीचा पिंजरा आहे.

एक जागा मात्र मी मोकळी सोडतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली रुग्णालयातल्याच सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर २०१५ साली त्या जाईपर्यंत त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची सेवा केली. समजा तो हल्लेखोर त्याच वॉर्डात रुग्ण म्हणून आला असता. त्या सिस्टरना करुणेची परीक्षा म्हणून त्याच्यापाशी उभे करणे निव्वळ क्रौर्य ठरले असते. आपल्या नातलगाचा खटला न्यायाधीश चालवत नाही. त्यात त्याच्या सचोटीचा अपमान नसतो. तीच सोय परिचारिकेला हवी, आणि ती मागताना तिला खुलासा द्यावा लागू नये. रात्रपाळीला ती एकटीच असेल आणि रक्त वाहत असेल, तर आधी रक्त थांबवावे, मग फोन करून बदली मागावी. वहीत कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ एवढेच लिहावे, आणि मेट्रनने पुढे काही विचारू नये.