डेथ कॅब फॉर क्यूटी : एका नावाची कुळकथा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात 1997 साली बेन गिबर्ड या तरुणाने एकट्यानेच काही गाणी रेकॉर्ड केली आणि कॅसेटवर नाव घातलं ‘डेथ कॅब फॉर क्यूटी’. पुढे बँड जमला, नाव तेच राहिलं. हळवी, गंभीर गाणी म्हणणाऱ्या मंडळींना हे भडक नाव शोभत नाही. पण त्याचं कूळ काढायला बसलं, तर आपण आधी एका विनोदी टोळक्यापाशी आणि मग चक्क एका समाजचिंतकापाशी पोहोचतो.

हा चिंतक म्हणजे रिचर्ड हॉगर्ट. लीड्समधल्या कामगारवस्तीत, आजीच्या घरी वाढलेला, डाव्या विचारांचा. 1957 साली त्याचं ‘द युझेस ऑफ लिटरसी’ आलं. कामगाराला शाळा मिळाली, मत मिळालं, आणि वाचायला काय मिळालं? सवंग मासिकं आणि रक्तबंबाळ कादंबऱ्या! हे दाखवायला हॉगर्टने खऱ्या पुस्तकांतले उतारे घेतले होते, पण अब्रुनुकसानीच्या दाव्याची धास्ती निर्माण झाली. तेव्हा तसल्याच धाटणीचे उतारे आणि शीर्षकं तो स्वतःच रचत बसला. त्यातलंच एक शीर्षक ‘डेथ कॅब फॉर क्यूटी’. हा गंभीर माणूस नाइलाजाने विडंबनकार झाला, आणि माझ्या मते फार झकास झाला.

पुढचा मुक्काम लंडन. तिथल्या कलाशाळांतल्या पोरांनी 1962 च्या सुमारास ‘बॉन्झो डॉग डाडा बँड’ काढला. बॉन्झो हा व्यंगचित्रांतला कुत्रा. डाडा ही पहिल्या महायुद्धाच्या कत्तलीला वैतागून 1916 मध्ये झुरिकमध्ये उभी राहिलेली कलाचळवळ. जग वेडं झालंय तर कलेने तरी शहाणपणा का करावा, असा तिचा खाक्या. डाडा म्हणजे काय हे जो तो विचारायला लागला, तेव्हा उत्तरं देऊन कंटाळलेल्या पोरांनी त्याचं ‘डू-डा’ करून टाकलं.

या बँडच्या व्हिव्हियन स्टॅन्शल आणि नील इनिस यांनी 1967 मध्ये ‘डेथ कॅब फॉर क्यूटी’ हे गाणं केलं. इनिसची साक्ष मात्र वेगळी: हे शीर्षक आपल्याला रस्त्यावरच्या बाजारात, एका जुन्या अमेरिकी गुन्हेकथा-मासिकात सापडलं. म्हणजे सवंगपणाचा नमुना म्हणून हॉगर्टने जे बनवलं, ते बाजारात आयतं पडलेलं होतं! दोघांचंही खरं असेल, तर हॉगर्टच्या कानाला दादच द्यायला हवी.

गाणं म्हणजे 1950 च्या दशकातल्या ‘प्रेयसी अपघातात गेली’ छापाच्या रडगाण्यांची टर. क्यूटी रात्री टॅक्सीत बसून निघते, प्रियकर नको नको म्हणतो, टॅक्सी लाल सिग्नल तोडते आणि सगळं संपतं. स्टॅन्शल हे एल्व्हिसच्या घोगऱ्या, कण्हत्या आवाजात गातो. बीटल्सनी ते आपल्या ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ या फिल्ममध्ये घेतलं. चित्रण झालं सोहोतल्या रेमंड रेव्ह्यूबारमध्ये: एकीकडे बॉन्झो मंडळी गातायत, दुसरीकडे नर्तकी एकेक कपडा उतरवतेय, आणि प्रेक्षकांत लेनन आणि हॅरिसन. 26 डिसेंबर 1967 ला बीबीसीने ही रंगीत फिल्म कृष्णधवल दाखवली, आणि समीक्षकांनी ती धुऊन काढली.

बॉन्झोंचं मात्र बरं चाललं होतं. त्याच सुमारास ‘डू नॉट ॲडजस्ट युअर सेट’ या टीव्ही कार्यक्रमात एरिक आयडल, मायकेल पेलिन आणि टेरी जोन्स यांच्याबरोबर ते वाजवू लागले. हे तिघे 1969 मध्ये माँटी पायथन या विनोदी चमूत गेले. इनिसने पुढे पायथनसाठी गाणी केली, आणि आयडलबरोबर ‘रटल्स’ हा नकली बँड काढून खुद्द बीटल्सचीच टर उडवली.

बॉन्झोंच्या या गाण्यावरूनच गिबर्डने आपल्या बँडचं नाव उचललं, पण त्याला पुढे त्याचा पश्चात्ताप झाला. इतकी वर्षं ते वागवावं लागेल असं वाटलं नव्हतं, असं त्याने मुलाखतीत बोलूनही दाखवलं. आपल्याला त्याची कीव येत नाही. नाव विसरलं जाणं हे बँडचं खरं दुर्दैव.

या बँडने राजकारणही टाळलं नाही. 2004 मध्ये अध्यक्ष बुश यांच्या विरोधातल्या ‘व्होट फॉर चेंज’ दौऱ्यात हा बँड होता. आणि ऑक्टोबर 2016 मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, त्याने ‘मिलियन डॉलर लोन’ हे गाणं काढलं. वडिलांनी आपल्याला दहा लाख डॉलरचं ‘छोटंसं’ कर्ज दिलं होतं, हे ट्रम्प यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं. विनोद तिथेच तयार होता. बँडने फक्त चाल लावली.