कोंदे कोमाचे घराणे

घराणे कशावरून ठरते, हा प्रश्न मूळ गाव सोडून तीन-चार पिढ्या झालेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना नवा नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. ती त्यांनी कोणापाशी बसून घेतली, हे आजही आदराने सांगितले जाते. अशीच एक वंशावळ, वाचकहो, मी आपल्यापुढे उलगडणार आहे. ती कुस्तीची आहे आणि जपानातून निघून ती थेट ब्राझीलमध्ये, ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरी रुजली.

जुजुत्सू म्हणजे सामुराईंच्या काळची, बहुतेक नि:शस्त्र झुंजीची विद्या. तिची शेकडो घराणी होती. 1868 नंतर राज्यव्यवस्था पालटली, 1876 मध्ये तलवार बाळगण्यास बंदी आली आणि या विद्येला कोणी विचारीनासे झाले. अशा वेळी कानो जिगोरो या विद्यार्थ्याने तेंजिन शिन्यो आणि कितो या दोन घराण्यांचे शिक्षण घेतले आणि 1882 मध्ये टोकियोतील एइशोजी या देवळात 12 चटयांच्या जागेत आपली तालीम काढली. तिचे नाव कोदोकान. शिकवण्याच्या विद्येला त्याने ‘जुदो’ म्हटले. ‘जुत्सू’ म्हणजे कसब आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. गुंडगिरीशी जोडले गेलेले जुने नाव त्याला नको होते. नाव बदलले, पण डाव पुष्कळसे जुनेच राहिले. हा बारकावा ध्यानात असू द्या; पुढचा सगळा घोळ त्यातूनच निघाला.

माएदा मित्सुयो हा या तालमीचा पठ्ठा. जन्म 1878, गाव उत्तर जपानातील हिरोसाकीजवळचे. उंची जेमतेम 164 सेंटिमीटर. 1904 च्या अखेरीस वडीलधारा गुरुबंधू तोमिता त्सुनेजिरो याच्याबरोबर तो अमेरिकेला गेला. पुढच्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात त्यांनी जुदोचे प्रदर्शन केले. तिथे एका धिप्पाड फुटबॉलपटूने तोमिताला खाली दाबून धरले आणि प्रेक्षकांना वाटले, संपली ही विद्या. माएदाला ते झोंबले असावे. त्यानंतर बरीच वर्षे तो पैसे लावून झुंजत हिंडला: अमेरिका, इंग्लंड, बेल्जियम, स्पेन, क्यूबा, मेक्सिको. पैशासाठी लढणे कोदोकानच्या शिस्तीत बसत नव्हते, हे त्याला ठाऊक होते. स्पेनमध्ये त्याने ‘कोंदे कोमा’ हे नाव घेतले. ‘कोंदे’ म्हणजे सरदार. ‘कोमा’ हे ‘कोमारु’, म्हणजे अडचणीत असणे, या जपानी क्रियापदावरून आले, असे सांगतात. खिशात दिडकी नाही आणि नावात सरदारकी, हा विनोद त्याने स्वत:वरच केलेला दिसतो.

1914 मध्ये तो ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलेममध्ये स्थिरावला. त्याचा सोबती साताके मानाऊसला राहिला आणि तिथे शिकवू लागला. आपण परदेशी लोकांना जे शिकवतो त्याला माएदाने ‘जुदो’ हे नाव आग्रहाने लावले नाही. जगाला तेव्हा ‘जिऊ-जित्सू’ हाच शब्द ठाऊक होता. जपानात मागे पडलेले नाव ब्राझीलमध्ये मुख्य झाले. आपल्यापैकी अनेकांच्या घरात पुण्या-मुंबईत कोणी न वापरलेला एखादा शब्द अजून रोजच्या बोलण्यात असतो, त्यातलाच हा प्रकार.

आता घराण्याकडे येऊ. बेलेममधील गास्तांव ग्रेसी यांच्या कार्लोस या मुलाने 1917 च्या सुमारास माएदाचा खेळ पाहिला आणि तो शिष्य झाला, असे ग्रेसी कुटुंब सांगते. गास्तांवने माएदाला मदत केली, त्याची परतफेड म्हणून ही विद्या मिळाली, अशीही जोड आहे. काही अभ्यासक म्हणतात, कार्लोसचे प्रत्यक्ष शिक्षण माएदाच्या जासिंतो फेर्रो या साहाय्यकाकडे अधिक झाले असावे. कुटुंबाच्या इतिहासात रिओतील तालीम 1925 ची. जुन्या वर्तमानपत्रांत मात्र 1930 मध्ये ती दोनातो पिरेस दोस रेइस याने काढलेली दिसते आणि कार्लोस तिथे शिकवणारा आहे. दोनातोचे नाव पुढे गळून गेले.

ग्रेसी खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. त्यांनी आयुष्ये या विद्येला वाहिली. पण वंशावळ लिहिणारा स्वत:च्या शाखेला जाड अक्षर देतो आणि बाकीच्यांना बारीक, हे आपण कुलवृत्तान्तांतही पाहिलेले आहे. इथे दुसरी शाखा खरोखरच होती. माएदाचा शिष्य म्हणून ओळखला जाणारा लुईस फ्रान्सा आणि त्याच्याकडे शिकलेला ओस्वाल्दो फाद्दा ही ती ओळ. फाद्दाने रिओच्या बेंतो रिबेइरो या उपनगरात, गरिबांच्या वस्तीत शिकवले. पैसे नसलेल्यांनाही दार उघडे ठेवले. 1950 च्या दशकात त्याच्या शिष्यांनी ग्रेसींच्या तालमीला आव्हान दिले आणि अनेक झुंजी जिंकल्या. त्यांचा खास डाव पायाच्या घोट्याला पेच घालण्याचा. ग्रेसींकडच्यांनी त्यांना ‘जोडे शिवणारे’ म्हणून हिणवले. हरल्यावर डावाची जात काढायची, हा प्रकार काही आपल्याकडेच होतो असे नाही.

माएदा स्वत: या वादात कुठेच नाही. 1929 पासून तोमे-आसूच्या जंगलात जपानी शेतकरी वसवले जात होते. हिवतापाने आणि फसलेल्या पिकांनी ते टेकीस आले, तेव्हा माएदा त्यांच्या मदतीला उभा राहिला. तो ब्राझीलचा नागरिक झाला होता. 1941 मध्ये बेलेमलाच वारला.

दहा वर्षांनी, 23 ऑक्टोबर 1951 रोजी, रिओच्या माराकाना मैदानात कार्लोसचा धाकटा भाऊ एलिओ आणि जपानचा किमुरा मासाहिको समोरासमोर आले. किमुरा वजनाने आणि ताकदीने कितीतरी वरचढ. त्याने एलिओचा हात वळवून पाठीकडे नेला. हात मोडला तरी एलिओने हार कबूल केली नाही. शेवटी कार्लोसने टॉवेल टाकून झुंज थांबवली. जपानी भाषेत या पेचाचे नाव ‘उदे-गारामी’. हरलेल्यांनी मात्र त्याला जिंकणाऱ्याचेच नाव दिले: ‘किमुरा’.

पुढे 1993 मध्ये एलिओचा मुलगा रॉयस याने अमेरिकेतील डेन्व्हरच्या स्पर्धेत आपल्यापेक्षा थोराड मल्लांना चटईवर आणले आणि या विद्येचे नाव जगभर झाले. त्यानंतर ती जपानातही परत गेली. तिथल्या तरुणांना आता आपल्याच आजोबा-पणजोबांच्या शब्दाला विशेषण लावावे लागते: ‘ब्राझीलचे जुजुत्सू’. आणि त्या चटयांवर, जपानी शिष्य जपानी जोडीदाराचा हात वळवून पाठीकडे नेताना त्या डावाला ‘किमुरा’ म्हणतात.