तित्तराची साद आणि तिचे जाणकार

सरसगडाच्या पायथ्याच्या पालीभोवती, सुधागड तालुक्यातील वाड्यांत, पूर्वी खैराच्या लाकडापासून काथ काढणारा कातकरी समाज राहतो. शिकारीतले त्याचे कसब जुने असले, तरी पक्ष्याची साद मुखाने काढून त्यालाच बोलावण्याची कला महाराष्ट्रात विशेषत्वाने घाटमाथ्यापलीकडच्या फासेपारध्यांच्या नावे नोंदली गेली. फासे, म्हणजे बारीक दोरीच्या सरकत्या गाठींची रांग, झुडपालगत रोवून पारधी आडोशाला बसे आणि नर तित्तराची चढत्या लयीची, तीन तुकड्यांची साद घाली. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून मूळ नर चाल करून येई आणि गळफाशात सापडे. सादेला बळ यावे म्हणून पिंजऱ्यात पाळीव तित्तरही ठेवत. साद फार मोठी वा फार वारंवार झाली तर पक्षी बिचके, त्यामुळे थांबण्याची जाण गळ्याइतकीच मोलाची असे. अमेरिकेत टर्की पक्ष्याला बोलावण्यासाठी तोंडात टाळूला लावायची पडदेदार शिट्टी प्रचारात आली. पारध्याचे साधन मात्र स्वतःचा घसा. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या चौकटीत पारध्यांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी या शिकारीचा मार्गच बंद केला. पहिला अन्याय उघड होता, दुसरे बंधन पक्ष्यांसाठी आवश्यक असले तरी पर्यायी उपजीविकेची सोय त्याच्याबरोबर पुरेशी आली नाही.