नवशिक्याचे लेखन : एडा लव्हलेसच्या टिपा

गणकयंत्रासाठी आज्ञावली रचण्याची विद्या नुकतीच शिकू लागलेल्या माणसाने तिजविषयी लेख लिहावेत काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. अपक्व ज्ञानातून चुकांचा प्रसार होतो, हा त्यावरील नेहमीचा आक्षेप होय. या आक्षेपाची परीक्षा करण्यास त्या विद्येतील पहिलाच महत्त्वाचा लेख उपयोगी पडतो. कारण तो एका विद्यार्थिनीचा आहे.

१८४० साली चार्ल्स बॅबेजने तूरिन येथे आपल्या नियोजित विश्लेषक यंत्राचे विवरण केले. त्यावर लुईजी मेनाब्रेआने लिहिलेला फ्रेंच निबंध १८४२ मध्ये जिनीव्हाच्या नियतकालिकात आला. एडा लव्हलेसने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि बॅबेजच्या सूचनेवरून त्यास टिपा जोडल्या. १८४३ मध्ये हे सर्व प्रसिद्ध झाले तेव्हा ती २७ वर्षांची होती, आणि टिपा मूळ निबंधाच्या जवळजवळ तिप्पट भरल्या. याच सुमारास ती ऑगस्टस डी मॉर्गन याजकडे पत्रद्वारा गणित शिकत होती. बीजगणितातील साध्या रूपांतरांतही ती अडखळे, हे त्या पत्रांवरून दिसते.

चुका झाल्याच. मूळ फ्रेंच मजकुरात ‘प्रसंग’ या अर्थाच्या शब्दातील एक अक्षर मुद्रणदोषाने बदलून त्याचे कोज्येचे चिन्ह बनले होते. एडाने ते तसेच भाषांतरात उतरविले आणि वाक्य निरर्थक झाले. बर्नुली संख्या काढण्याच्या प्रसिद्ध तक्त्यातही चौथ्या क्रियेत भाज्य व भाजक यांची अदलाबदल झाली आहे. बॅबेजशी सतत पत्रव्यवहार चालू असूनही हे दोष छापले गेले. उलट, या संख्यांच्या बीजगणितात बॅबेजने केलेली एक गंभीर चूक एडानेच दाखवून दिली, अशी नोंद त्याने १८६४ मधील आत्मवृत्तात केली आहे.

तथापि टिपांचे खरे मोल तक्त्यात नसून परिभाषेत आहे. गणितातील एकच चिन्ह कधी क्रियेसाठी, तर कधी तिच्या फलासाठी योजिले जाते, या घोटाळ्याकडे पहिल्याच टिपेत लक्ष वेधलेले आहे. ‘क्रिया’ म्हणजे दोन वा अधिक वस्तूंचा परस्परसंबंध बदलणारी कोणतीही प्रक्रिया, अशी व्याख्या ती करते. त्यामुळे यंत्र संख्यांपुरते मर्यादित राहत नाही, आणि संगीतरचनेची शक्यताही तिला दिसते. मुरलेल्या गणितज्ञास असा संदिग्धपणा सवयीने जाणवेनासा होतो. शिकणारास तो पावलोपावली अडवितो, म्हणून त्याचा उलगडा केल्यावाचून त्यास पुढे जाता येत नाही.

टिपांतील किती भाग बॅबेजचा, हा वाद अद्याप मिटलेला नाही. बॅबेजने आज्ञावल्यांचे काही नमुने एडाच्या आधीच करून ठेवले होते, हे निश्चित; पण ते त्याच्या कागदपत्रांतच राहिले. १९५० साली ॲलन ट्यूरिंगने यंत्राच्या विचारशक्तीवरील निबंधात ज्या मताचा परामर्श घेतला, ते एडाच्या छापील टिपेतील होते.