खरवडलेलं नाव

मागच्या व्याख्यानानंतर डोंबिवलीतल्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, जुने सोव्हिएत कॅमेरे जमवणं हा छंद, की भंगाराची हौस?" आज त्याचं उत्तर देतो.

हा माझ्या हातातला 'फेड-३'. अजून चालतो. फक्त आधी शटर भरायचं, मग स्पीड बदलायचा. क्रम चुकला की यंत्रणा बिघडू शकते.

या घराण्यातला पहिला कॅमेरा म्हणजे जर्मन 'लायका'ची नक्कल. १९३४ पासून तो खार्किवमध्ये मोठ्या संख्येने बनू लागला. कुठे? तर बेघर मुलांच्या वसाहतीत! प्रमुख होते शिक्षणतज्ज्ञ मकारेंको. मुलांनी आधी विजेची ड्रिल यंत्रं बनवली, मग कॅमेरे. आणि 'फेड' ही आद्याक्षरं फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्कीची. हाच माणूस 'चेका' या गुप्त पोलिसांचा प्रमुख, आणि १९२१ मध्ये नेमलेल्या बालकल्याण आयोगाचाही अध्यक्ष. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं खोडलं जात नाही.

पुढे काय झालं? भाव जास्त मिळतो म्हणून लोक 'फेड' हे नाव खरवडून त्यावर 'लायका' कोरू लागले. असा एक 'लायका' घेऊन मीही फसलोय. पैसे गेले, ते सोडा. पण त्या नावाबरोबर ती मुलंही पुसली गेली आणि तो पोलीसही.

तेव्हा ठाणे-कल्याणच्या तरुण मित्रांनो, कॅमेरा जरूर घ्या, रोल भरा, फोटो काढा. पण आधी त्यावरचं नाव वाचा. ते कुणाचं, हे शोधलंत, तर तो छंद. नाहीतर भंगारच.