थॉमसन रोडवरचा सनमायका

‘सिंगापूर ग्रांप्री’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते मरिना बेचे झगमगते दिवे. २००८ साली फॉर्म्युला वनची पहिलीवहिली रात्रीची शर्यत तिथे झाली आणि फर्नांडो अलोन्सोने ती जिंकली. पण आम्हा यिशुनकरांनी थोडा भाव खायला हरकत नाही. कारण त्याच्या कितीतरी आधी, १९६१ ते १९७३ या काळात, ग्रांप्री व्हायची ती आमच्या शेजारच्या अप्पर थॉमसन रोडवर!

१९६१ मध्ये पर्यटक यावेत म्हणून ‘ओरिएंट इयर’ साजरं झालं, त्यात ही शर्यत सुरू झाली. पहिली जिंकली इयान बार्नवेलने, अॅस्टन मार्टिनमधून. पुढच्या वर्षी तिचं नाव मलेशियन ग्रांप्री झालं. १९६५ मध्ये सिंगापूर स्वतंत्र झालं आणि १९६६ पासून ती ‘सिंगापूर ग्रांप्री’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या वर्षीचा विजेता होता इथलाच ली हान सेंग, गाडी लोटस २२.

वेगळं सर्किट असं नव्हतंच बरं का! रोजच्या वाहतुकीचा रस्ता बंद करायचा आणि त्यावरच गाड्या पळवायच्या. एक फेरी सुमारे ४.८ किलोमीटरची. ‘थॉमसन माइल’ हा सरळ पट्टा, ‘हम्प’ हा गाडीला हवेत उडवणारा उंचवटा, मग जंगलातली चार नागमोडी वळणं, म्हणजे ‘स्नेक्स’, आणि शेवटी ‘डेव्हिल्स बेंड’. आपला जुना बोर घाट आठवा, म्हणजे कल्पना येईल.

हा रस्ता मी गेले काही महिने ‘असेटो कोर्सा’ या २०१४ सालच्या रेसिंग गेमसाठी बनवतोय. आखणी नकाशावरून केली आणि सुरुवातीला एका आधुनिक सर्किटची टेक्श्चर्स लावली. आता ती एकेक करून बदलतोय. टेक्श्चर म्हणजे काय, तर सनमायका! आत प्लायवुड, वर सागवानाचं चित्र. गेममधला रस्ताही मुळात राखाडी त्रिकोणांची जाळी असते, तिच्यावर डांबराचा फोटो चिकटवायचा. तोच चौकोनी तुकडा रांगोळीच्या छाप्यासारखा पुन्हा पुन्हा उमटतो, म्हणून त्याची डावी कड उजवीशी बेमालूम जुळावी लागते. नाहीतर दर काही मीटरवर सांधा दिसतो आणि सगळी मजा जाते.

ही युक्ती एडविन कॅटमुल यांनी १९७४ मध्ये युटा विद्यापीठातल्या आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात मांडली. पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले तेच हे कॅटमुल. थॉमसन रोडवरची शेवटची शर्यत १९७३ ची. म्हणजे इकडे खरा ट्रॅक बंद पडला आणि पुढच्याच वर्षी तिकडे खोटा ट्रॅक रंगवायची सोय झाली! १९९८ च्या ‘ग्रांप्री लेजंड्स’ने १९६७ चा हंगाम पडद्यावर आणला आणि जुने ट्रॅक नव्याने रंगवणाऱ्या हौशी मंडळींना जगभर ऊत आला.

माझ्या कामात पेच पडला तो रस्त्याच्या कडेला. आधुनिक सर्किटच्या वळणांवर लाल-पांढरे पट्टे असतात. आमच्या ग्रुपमधला एक मित्र म्हणाला, “ठेव की ते, छान दिसतात!” दिसतात खरे. पण थॉमसन रोडच्या कडेला काय होतं? पावसाळी पाण्याची खोल उघडी गटारं, दिव्यांचे खांब, बस स्टॉप आणि झाडं. गेममध्ये गटाराचं नुसतं चित्र चिकटवलं तर गाडी त्यावरून खुशाल निघून जाते. चाक अडकायला हवं असेल तर खालच्या जाळीत खरा खड्डा करावा लागतो. चित्र वेगळं आणि रचना वेगळी!

आणि मग लक्षात आलं की १९६१ मध्ये नेमकं हेच झालं होतं. रोजच्या रस्त्यावर ग्रांप्रीचा सनमायका चढवला. स्टार्ट लाइन आली, झेंडे आले, गर्दी आली. खालची रचना मात्र बस स्टॉपवर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या सोयीची, ताशी दोनशे किलोमीटरच्या गाडीसाठी नव्हे. १९७२ आणि १९७३, सलग दोन वर्षं जीवघेणे अपघात झाले. वाहतूक वाढली होती, रस्ते बंद ठेवणं जड जात होतं. १९७३ नंतर शर्यत थांबली ती थांबलीच.

म्हणून मी लाल-पांढरे पट्टे काढून टाकले. जिथे माणसं गेली तिथे नसलेली सुरक्षितता रंगवणं म्हणजे त्यांच्याच माथी दोष मारणं, की एवढ्या चांगल्या रस्त्यावर तुम्हालाच गाडी सांभाळता आली नाही! मित्राला हे पटलं. आता गटारं जाळीत खोदतोय, खांब ठोकळ बनवतोय. चाचणीला बसलेले सगळे ‘स्नेक्स’मध्ये आपोआप ब्रेक दाबतात. मला हवा होता तो इतिहास त्या ब्रेकमध्ये आहे.

खऱ्या रस्त्याचं रूप तर पुन्हा पालटलंय. २०१९ मध्ये शेजारी थॉमसन नेचर पार्क सुरू झालं. ओल्ड अप्पर थॉमसन रोडवर गाड्यांसाठी आता एकच लेन आहे आणि लंगुरांना पलीकडे जाता यावं म्हणून वर दोरांचे पूल बांधलेत. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन जरूर चालून या. वळणं अजून तीच आहेत. आणि हो, चालताना रस्त्यापेक्षा कडेला जास्त लक्ष द्या!